वन्संच्या वाटीतली मोची

हिसानोबाईंनी पळीतून घोटभर सार तोंडात घेतलं, क्षणभर धरलं, गिळलं, आणि अख्खं पातेलं उचलून मोरीत ओतून दिलं.

"परत कर," एवढं म्हणून त्या मुळ्याकडे वळल्या.

उयांगा हातात पळी घेऊन तशीच उभी. पांढऱ्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सार होतं ते. समुद्री शेवाळाची पट्टी रात्रभर भिजवलेली, उकळी फुटायच्या आत बाहेर काढलेली. मिसो गाळणीतून घासून घासून विरघळवलेला, एक गुठळी सापडेल तर शपथ. सकाळपासून हेच चाललं होतं. ती करायची, बाई ओतायच्या. काय चुकतंय ते काही सांगायच्या नाहीत.

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

पलीकडच्या ओट्यावर जुना आचारी कात्सुमी मासा साफ करत होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याची सुरी थांबली. उमेगाकी म्हणजे बाईंचं सासर, समारंभांना जेवण पुरवणारं जुनं घर; तिथल्या स्वयंपाकघरात असलं काही विचारायची पद्धत नव्हती. ओतलं, म्हणजे चुकलं. वाकायचं, माफी मागायची आणि दुसरं पातेलं चढवायचं. कात्सुमीचे केस इथं पिकले होते, पण 'का' हा शब्द त्यानं ओट्यापाशी कधी काढला नव्हता.

"जीभ आहे ना तुला?" बाई मुळा सोलता सोलता म्हणाल्या. "तिला विचार."

"विचारलं. ती म्हणते चांगलं झालंय."

"मग तिचे फार लाड करू नकोस."

कात्सुमीला खोकला आला. उयांगानं दात-ओठ खाल्ले, पातेलं घासलं आणि परत चुलीवर चढवलं. माफी मात्र मागितली नाही. चूक कळल्याशिवाय माफी मागायची नाही, हा तिचा हट्ट. सात वर्षांत बाईंनी तो मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला होता, आणि आता नाद सोडला होता.

ती मंगोलियाची. क्योतोत मंगोल म्हटलं की लोकांना फक्त कुस्तीतले मल्ल आठवतात. मासे पोचवायला येणारे म्हातारे शिगेओका तर पहिल्या दिवसापासून तिला विचारायचे, आखाड्याची वाट चुकून इकडं कशी आलीस गं? उयांगा सांगायची, तिकडं भूक फार लागते, म्हणून. आधी ती एका मोठ्या हॉटेलात होती. तिथं कारखान्यातून आलेल्या पिशव्या फोडून गरम करायच्या, याला स्वयंपाक म्हणायचे. एकदा तिथल्या समारंभाला उमेगाकींच्या घरून जेवण आलं होतं. परत निघालेल्या भांड्यातलं उरलेलं सार तिनं उभ्याउभ्या प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी पत्ता विचारत मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. मला शिकवा, म्हणाली.

बाई हसून म्हणाल्या होत्या, "बघू हं. विचार करू."

क्योतोत याचा अर्थ 'नाही' असा असतो, हे तिथलं रांगतं पोरही सांगेल. उयांगा दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. झाला का विचार? बाई म्हणाल्या, अजून नाही. ती तिसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशीही आली. शेवटी बाईंनी तिच्या हातात घासणी दिली आणि मोरी दाखवली. असं हे शिक्षण सुरू झालं. मोरीवरून भाज्यांवर, भाज्यांवरून भातावर, आणि भातावरून चुलीच्या शेजारी. चुलीशी मात्र नाही. सार, रस्से, शिजवणं हे सगळं बाईंच्या हातचं. घराची चव म्हणतात ती तिथंच असते, आणि ती सहजासहजी कुणाला देत नाहीत.

पण आता बाईंचे गुडघे गेले होते. सकाळी चुलीपाशी उभ्या राहिल्या की दुपारी कात्सुमीला त्यांना धरून बसवावं लागायचं. नवीन वर्षापासून चूल कुणाकडे, हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत होता, पण विचारणार कोण? विचारलं फुसाएंनी.

फुसाए म्हणजे बाईंच्या वन्सं, कैलासवासी नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेल्या, पण जीव सगळा माहेरच्या उंबऱ्यात अडकलेला. उमेगाकींच्या रक्ताचं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. घर बाईंचं होतं, पण नाव आणि दारावरचा तो निळा पडदा, ज्यावर उमेगाकींची खूण होती आणि जो टांगला म्हणजेच दुकान त्या नावानं चालायचं, तो फुसाएंच्या वडलांचा. शहरातली चहा-समारंभांची जुनी घराणी जेवण मागवायची ती फुसाएंच्या शब्दावर. डिसेंबरच्या मध्यावर, नववर्षाची तयारी सुरू करायच्या दिवशी, त्या रेशमी किमोनोत आल्या, ओसरीवर बसल्या आणि उयांगाकडे बघत म्हणाल्या,

"वहिनी, ही पोर किती धीट आहे हो. आम्हाला नाही बाई जमायचं असं सरळ सरळ बोलायला."

त्या शहरात ही थोबाडीत असते. जितकी गोड, तितकी खोल लागणारी. सात वर्षांत उयांगाला एवढं कळायला लागलं होतं.

"शिकवीन की मी," ती म्हणाली. "सोपं असतं."

कात्सुमी काहीतरी आणायच्या निमित्तानं कोठीत पळाला.

मग फुसाएंनी मुद्दा काढला. एका चांगल्या हॉटेलातला मुख्य आचारी त्यांच्या ओळखीचा होता, क्योतोचाच, तीन पिढ्यांचा. तो यायला तयार होता, आपली माणसं घेऊन. परक्या हातचं सार बाबांच्या देवघरापुढं ठेवायचं म्हणजे मनाला कसंसंच होतं, त्या म्हणाल्या. पोरीचा काही दोष नाही. ज्यांच्याकडं चहात मीठ घालून पितात, त्यांना आमचं पाणी कळणार कसं?

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "नववर्षाचं सार या वर्षी तिच्या हातचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खा. तुमच्या बाबांच्या घरचं वाटलं तर चूल तिची. नाही वाटलं तर तुमचा माणूस आणा. मी एक शब्द बोलणार नाही."

उयांगाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. फुसाए हसल्या, वाकल्या, आणि गेल्या. आणि तेव्हापासून बाई तिचं सार रोज मोरीत ओतत होत्या.

नववर्षाच्या सकाळी त्या घरात जी वाटी होते, तिच्यात फार काही नसतं. पांढऱ्या मिसोचं दाट सार, त्यात मुळ्याचे गोल काप, अळूचा गड्डा, आणि मऊ शिजलेली गोल मोची. चिकट भात कुटून वळलेला हा गोळा म्हणजे सणाचा जीव. त्या दिवशी खायच्या मोच्या विकत आणायच्या नाहीत, घरीच कुटायच्या, हा बाईंचा नेम.

कुटायचा दिवस उजाडला तेव्हा अंगणात दव गोठलं होतं. उकडलेला चिकट तांदूळ वाफाळत उखळात पडला. मोगरी उयांगाच्या हातात, आणि उखळाशी वाकून बाई. मोगरी वर गेली की बाईंचा ओला हात आत जाणार, गोळा उलटणार, बाहेर येणार. आणि लगेच मोगरी खाली. हात जरा रेंगाळला तर बोटांचा चुरा. पण इतक्या वर्षांत एकदाही तसं झालं नव्हतं. बाकी सगळ्या बाबतीत दोघींचं वाजायचं, पण उखळाशी त्या एकमेकींकडे बघतसुद्धा नसत.

गोळे वळून झाले. तांदळाच्या पिठावर पांढऱ्या मोच्यांच्या ओळी लागल्या. शेवटचा एक गोळा बाईंनी उचलला आणि त्या कोठीत गेल्या. तसं त्या दर वर्षी करायच्या. देवाचा असेल, असं उयांगाला वाटायचं. पण या वेळी बाई ओला फडका अंगणातच विसरल्या, म्हणून तो द्यायला ती मागोमाग गेली.

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तळहातावर मोचीची पारी, आणि बोटांनी त्या तिच्यात काहीतरी भरत होत्या. अझुकी नावाच्या लाल, चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण. शेजारी एक पेला होता, त्यात पांढरं सार.

"दार लाव," बाई मागं न बघता म्हणाल्या.

उयांगानं दार लावलं, पण स्वतः आतच राहिली. बाईंनी मोचीचं तोंड मिटलं, ती वळली, सारात सोडली. मग बोलायला लागल्या, आणि बोलणं ऐकून उयांगा चपापली. क्योतोची ती तोललेली, हळुवार भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"माजं माहेर समुद्रापल्याडचं. सानुकीचं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं असंच खात्यात. पांढऱ्या सारात गोड मोची. आमची मान्सं ऊस पिकवायची, साखर करायची, आन त्यास्नीच साखर खायला बंदी. मग काय करनार? मोचीच्या पोटात दडवायची. वरनं बगनाराला काय दिसतंय?"

"इथं कुणाला माहीत आहे?"

"सासूबाईस्नी व्हतं. मी नवी नवरी. पैल्या सनाला मोठ्या हौसेनं केली. त्यांनी एक घास चावला, वाटी उचलली, अंगनात गेल्या, आन गटारात वतली. परत येऊन माज्याकडं बगून हसल्या. 'नवीन आहे, शिकेल हळूहळू,' म्हनाल्या. झालं. तवापासनं वरसातनं एक. हितंच. उभ्यानं."

बाई पंचवीसच्या असतील तेव्हा, आणि आता पंच्याहत्तरीच्या पुढं. एवढी कडक बाई, जिच्यापुढं कात्सुमी चळाचळा कापतो, ती वर्षातून एकदा भिंतीकडे तोंड करून चोरासारखी आपल्या आईच्या हातचं खाते.

"आमच्याकडं पांढऱ्या महिन्याचा सण असतो," ती म्हणाली. "आई खारट दुधाच्या चहात करंज्या सोडते. पोटात मांस भरलेलं. वरून पांढरं, आत भरलेलं. आत काही नसलं तर पाहुण्याला वाटतं, आपल्याला हाकलतायत."

बाईंनी पेल्यातली मोची जेवायच्या काडीनं अर्धी तोडली आणि तिच्यापुढं धरली. "खा. आन तोंड मिटून चाव, मंगोलासारकी नगं."

खारट सार, मग चिकट भात, मग एकाएकी तो लाल गोडवा. उयांगाला आधी कळेचना हे आवडलं की नाही. मग तिनं सारही पिऊन टाकलं. पेला खाली ठेवताना तिला मोरीत गेलेली ती सगळी पातेली आठवली.

"हे सार तुम्ही केलंत. माझ्यात आणि यात काय फरक आहे? आता तरी सांगा."

बाईंनी हात पुसले, आणि क्योतोची भाषा परत अंगावर चढवली. "वन्संना आवडेल का, वन्संना आवडेल का, असं म्हणत ढवळतेस तू. घाबरल्या हाताचं आहे ते. मला माहीत आहे, मी दहा वर्षं तसलंच करत होते."

त्यानंतर सांगायला वेळ कुणाला होता? वर्षअखेरीचे जेवणाचे डबे भरता भरता सगळ्यांची कंबर मोडली. शेवटच्या संध्याकाळी उयांगानं यासाका देवळातून सुंभाच्या टोकाला विस्तव आणला, फिरवत फिरवत, विझू न देता, कारण नववर्षाची चूल त्याच विस्तवानं पेटवायची. आणि त्याच चुलीवर, कुणाचं लक्ष नसताना, तिनं मूठभर अझुकी शिजायला टाकले.

तिच्या मनात फार मोठं काही नव्हतं. एक मोची. फक्त बाईंच्या वाटीत. वरून सगळ्या मोच्या सारख्या, कुणाला कळणार? बाई जेवणाच्या खोलीत, चटईवर, सगळ्यांबरोबर बसून ती खातील, उभ्यानं नाही, भिंतीकडे तोंड करून नाही. बस. चूल पणाला लागलेली असताना हे करणं शुद्ध वेडेपणा होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण एकदा मनात आलेली गोष्ट न करता ती कधी झोपली होती?

सकाळी सार झालं. बाई काठी टेकत आल्या, पळीभर घेतलं, तोंडात धरलं, गिळलं. उयांगानं मोरीकडे नजर ठेवली. बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि निघून गेल्या.

आधीचा मान देवघरातल्या पितरांचा. मग बैठकीत चार पाट मांडले गेले: फुसाए, हिसानोबाई, कात्सुमी, आणि दाराजवळ उयांगा. सणाच्या जेवायच्या काड्या दोन्ही टोकांना निमुळत्या. एका टोकानं आपण खायचं, दुसऱ्या टोकानं देव खातो. बाईंच्या वाटीत उयांगानं त्या मोचीशेजारी अळूचा अख्खा मुख्य गड्डा ठेवला होता. त्याला डोकंच म्हणतात, आणि तो घरातल्या मुख्य माणसाच्या वाट्याला जातो. बाकीच्यांना लहान गड्डे.

फुसाएंची नजर बरोबर तिथं गेली. "अगंबाई, डोकं वहिनींच्या वाटीत," त्या गोड हसून म्हणाल्या. "बरोबरच आहे. आता घर तुमचंच."

पन्नास वर्षांची सवय, ती काय करणार? "छे छे, वन्सं, तुमच्या बाबांचं घर हे," असं म्हणत बाईंनी आपली वाटी फुसाएंपुढं सरकवली. फुसाएंनी ती परत सरकवली; असं कसं, असं कसं. बाईंनी पुन्हा. हे एवढं झालंच पाहिजे, नाहीतर ते क्योतो कसलं. तिसऱ्या खेपेला फुसाएंनी मोठ्या मनानं वाटी ठेवून घेतली आणि स्वतःची बाईंना दिली.

उयांगा गुडघ्यांवर अर्धवट उठली होती. सात वर्षांत ती कशालाही गप्प बसली नव्हती, आणि आज बोलायचं होतं तर बोलता येईना. काय बोलणार? ती वाटी नको म्हणाली, तर का नको तेही सांगावं लागेल, आणि बाईंची कोठी सगळ्यांपुढं उघडी पडेल. कात्सुमी तिच्या तोंडाकडे बघत होता. ती खाली बसली.

फुसाएंनी दोन्ही हातांनी वाटी उचलली, सार प्यायलं, आणि थांबल्या. मग आणखी एक घोट घेतला. त्यांचा चेहरा एकाएकी सैल पडला, लहान मुलीसारखा.

"बाबांच्या वेळचं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हेच. असंच असायचं." त्या उयांगाकडे वळल्या आणि मान लववली. "मी चुकले. चूल तुझी."

हेच ऐकायला ती सात वर्षं राबली होती. आणि ते कानात शिरतंय न शिरतंय तोच फुसाएंनी मोची उचलली आणि चावली.

फुसाएंनी तोंडातला घास गिळला, कारण थुंकणं त्यांच्या हातून मेल्या तरी झालं नसतं. अर्धी मोची वाटीत परत ठेवली. पांढऱ्या सारात लाल पुरण उतरायला लागलं.

"पोर परक्या मुलखातली आहे," फुसाए अगदी मायेनं म्हणाल्या. "सणाची घाई, डब्यांची गडबड, कुठली मोची कुठं गेली असेल. तिनं नुसतं म्हणावं, चूक झाली. आपण विसरून जाऊ. सार खरंच चांगलं आहे."

सगळं अजून वाचत होतं. एकदा वाकायचं, कपाळ चटईला लावायचं, दोन शब्द बोलायचे, चूल तिची. कात्सुमी डोळ्यांनी तिला सांगत होता, वाक, बये, वाक.

"चूक नाही झाली," उयांगा म्हणाली. "मुद्दाम घातलंय. आमच्या देशात सणाला पोटात भरलेलंच खातात. मला वाटलं, इथंही चालेल."

"इथं नाही चालत," फुसाए म्हणाल्या. आवाज तसाच गोड, पण वाटी त्यांनी दूर सारली होती. "मग आपलं ठरलं होतं तसं."

"खोटं बोलू नगंस माज्या सैपाकघरात."

कात्सुमीनं दचकून इकडेतिकडे पाहिलं. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. हिसानोबाई ताठ बसल्या होत्या.

"तिच्या देशात मांस भरत्यात," बाई म्हणाल्या. "ह्ये माज्या माहेरचं हाय. सानुकीचं. ती मोची माज्या वाटीतली, वन्सं. म्या तुमच्याकडं सरकवली. माजीच चूक. आना हिकडं."

त्यांनी हात लांब करून वाटी ओढून घेतली आणि फुसाएंनी चावलेली ती अर्धी मोची खायला सुरुवात केली. सावकाश, नीट चावून. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्या थांबल्या नाहीत.

"आईनं तुम्हाला सांगितलं होतं, हे या घरात नको," फुसाए शेवटी म्हणाल्या.

"सांगितलं व्हतं."

"या घराच्या नावानं एक चव आहे, वहिनी. ती सांभाळायला तुम्हाला दिली होती."

"सांबाळली की. आत्ता तुमीच म्हनलात, बाबांच्या येळचं हाय. पन्नास वरसं सांबाळली, आन हिलाबी शिकवली. आता हितनं फुडं माजीबी वाटी या घरात शिजनार. चूल हिची. तुमच्या नावाला त्ये चालत नसंल, तर नाव तुमचं हाय. न्या."

आणि त्या उठल्या. गुडघ्यांनी पहिल्या खेपेला साथ दिली नाही. उयांगा धावली, तर तिला हातानंच मागं सारलं. काठी घेऊन त्या पुढच्या दाराशी गेल्या. सणाचा म्हणून सकाळीच स्वच्छ धुऊन लावलेला निळा पडदा त्यांनी कळकाच्या दांडीवरून एक एक पट्टा सोडवत काढला. हात वर करून उभं राहणं त्यांना किती जड जात होतं ते सगळ्यांना दिसत होतं. मग त्यांनी तो जुन्या घड्यांवर घडी बसवत दुमडला, गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांनी फुसाएंपुढं धरला.

फुसाएंना हे नको होतं. त्यांना फक्त सगळं पूर्वीसारखं हवं होतं. पण पुढं केलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची एवढंच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यांनी पडदा घेतला.

"मला राग आलाय, वहिनी," त्या म्हणाल्या. एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या स्वतःही जरा भांबावल्या.

"मलाबी," बाई म्हणाल्या. "लई वरसांचा."

दोघी एकमेकींपुढं वाकल्या, बराच वेळ. मग फुसाए पडदा छातीशी धरून गल्लीतून निघून गेल्या. कात्सुमी त्यांना घरापर्यंत सोडायला गेला आणि परत आलाच नाही.

सण सरला. चहा-समारंभांच्या घराण्यांकडून एकामागून एक निरोप आले: या वर्षी आमच्याकडं थोडकंच करायचं ठरलंय, तेव्हा बघू, विचार करू. या वेळी उयांगाला अर्थ कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बाईंनी प्रत्येक निरोप्याला चहा पाजला आणि वाकून निरोप दिला. शेजारणी दारावरून जाताना पावलं हळू करत आणि आत बघून न बघितल्यासारखं करत. दांडी काढून ठेवू का, असं उयांगानं एकदा विचारलं. राहू दे, बाई म्हणाल्या, तिनं काय केलंय?

दुकान उघडायच्या दिवशी कात्सुमी मागच्या दारानं आला. माझी सुरी इथंच राहिली होती, म्हणाला. सुरी घेतली, धार बघितली, आणि मुळा सोलायला बसला.

उयांगा चुलीपाशी उभी राहिली. शेजारी नाही, पाशी. पहिलं पातेलं झालं. स्टुलावर बसलेल्या बाईंनी पळी मागितली, चव घेतली आणि बसल्या जागेवरून पातेलं ओढून मोरीत ओतलं.

"काय चुकलं?" उयांगा म्हणाली.

"सणाला जिंकलीस, म्हणून आज मीठ बघितलं नाहीस."

चुलीपाशी पहिल्यांदाच उत्तर मिळालं होतं. उयांगा वाकली, माफी मागितली, आणि दुसरं पातेलं चढवलं. कात्सुमीच्या हातातला मुळा निसटला.

तेवढ्यात गल्लीत सायकल थांबल्याचा आवाज आला. मासेवाले शिगेओका वर्षभर मागच्या दारानं येतात, पण वर्षातल्या पहिल्या फेरीला नवे कपडे घालून, खोकं डोक्याच्या उंचीला धरून, पुढच्या दारानं यायची त्यांची रीत होती. उयांगानं चुलीवरून मान वळवून पाहिलं. दार उघडंच होतं, वर नुसती कळकाची दांडी. म्हातारा उंबऱ्याशी थांबला. त्यानं खोकं एका हातावर घेतलं, दुसरा हात उचलून जिथं पडदा असायचा तिथली हवा अलगद बाजूला केली, आणि मान लववून, नेहमीसारखा, आत आला.